भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात विद्यार्थ्यांना काय आणि कसे दाखवावे?

कुंचला

सर्वांना नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवी-नववीच्या सुमारे पस्तीस मुलामुलींना घेऊन मुंबईला जायचे ठरले आहे आणि त्यातील अर्धा दिवस मी हट्टाने राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठी राखून ठेवला आहे. हट्टाने म्हणण्याचे कारण असे, की तीन वर्षांपूर्वीची आमची भेट पुरती वाया गेली होती. मुलांनी चाळीस मिनिटांत खालचा आणि वरचा असे दोन्ही मजले उरकले, आणि बाहेर पडताना एका मुलीने मला विचारले, "सर, इथे चित्रे कुठे होती? मला तर सगळीकडे डबे, सुरया आणि बाहुल्याच दिसल्या." 'ही उपयोजित कला आहे' एवढे सांगून मी वेळ मारून नेली. तिला ते उत्तर पटले नव्हते हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि मनातून मलाही ते पटलेले नव्हते.

ललित कला पाहण्यासाठी आणि उपयोजित कला वापरण्यासाठी, ही व्याख्या मी फळ्यावर लिहून देऊ शकतो. परंतु तिथल्या कपाटातील नक्षीदार पेटी कोणी वापरल्याची एकही खूण दिसत नाही, आणि माझ्या आईच्या स्वयंपाकघरातील पितळी डबा गेली पन्नास वर्षे रोज हाताळला जात असूनही त्याला कोणी कला म्हणत नाही. अशा वेळी मुलांना काय सांगावे? शिवाय वेळ थोडा असल्यामुळे कोणत्या वस्तूंपाशी थांबावे आणि कोणत्या वगळाव्यात, हेही ज्यांनी हा संग्रह नीट पाहिला आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

अवनी

कुंचला सर, आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर त्या संग्रहालयाच्या जन्मकथेत आहे, म्हणून थोडे मागून सुरुवात करते. मी काही वर्षे शाळांच्या गटांना वेगवेगळ्या संग्रहालयांत फिरवण्याचे काम केले आहे आणि ही कथा सांगितल्याशिवाय भायखळ्याच्या कपाटांकडे मुलांचे लक्ष लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

१८५१ साली लंडनमध्ये जगभरच्या मालाचे मोठे प्रदर्शन भरले आणि त्यात हिंदुस्थानातील विणकाम, धातुकाम, लाकूडकाम पाहून तिथले लोक थक्क झाले. कारखान्यांचा माल स्वस्त होता, पण त्याच्या नक्षीत जीव नव्हता, हे त्यांना त्या तुलनेत जाणवले. त्यानंतर अशा वस्तूंचे नमुने एका जागी जमवून ठेवण्याची कल्पना रुजली. लंडनला साउथ केन्सिंग्टनचे संग्रहालय उभे राहिले, आणि मुंबईतही १८५५ साली कोटातील (आजच्या फोर्ट भागातील) एका इमारतीत नैसर्गिक संपत्ती, उद्योग आणि कला यांचा संग्रह सुरू झाला. १८५७ च्या उठावात ती जागा सैन्यासाठी हवी झाली, तेव्हा जमवलेले सामान अक्षरशः बाहेर टाकले गेले. डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी त्यातून वाचले ते सांभाळले आणि संग्रह पुन्हा उभा करण्याचा ध्यास घेतला. त्यासाठी झटणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे आपले दोन मोठे नागरिक होते. १८६२ साली आजच्या इमारतीची पायाभरणी झाली आणि २ मे १८७२ रोजी 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम' या नावाने ती लोकांसाठी खुली झाली. आजचे नाव तिला १९७५ साली मिळाले.

यातून मुलांना एक गोष्ट सांगता येते. इथल्या कितीतरी वस्तू 'नमुने' म्हणून घडवल्या किंवा जमवल्या गेल्या. या मुलखात काय पिकते, काय घडते आणि काय विकता येईल, हे दाखवणारे ते जणू एका प्रांताचे नमुनापुस्तक होते. म्हणूनच आपल्याला पेटीवर वापराची खूण दिसली नाही. ती वापरासाठी घडवण्याच्या पद्धतीने घडवली, पण तिचे काम कारागिराचे कसब दाखवणे हे होते. आपल्या मातोश्रींच्या डब्याचे नेमके उलट आहे. ही दोन्ही टोके मुलांसमोर ठेवली, तर फळ्यावरच्या व्याख्येची फारशी गरज उरणार नाही.

थांबण्यासाठी मी दोनच गोष्टी सुचवते.

पहिली गोष्ट म्हणजे सडेली कामाच्या पेट्या. लांबून त्यांच्यावर बारीक चांदण्यांचे छापील कापड चिकटवल्यासारखे वाटते. जवळ गेल्यावर कळते, की प्रत्येक चांदणी हस्तिदंत, शिंग, आबनूस, लाल पतंगाचे लाकूड आणि कथिल यांच्या कणाकणांनी बनलेली आहे. मुले लगेच विचारतात, की एवढे कण कोणी आणि किती दिवस चिकटवले असतील. खरी युक्ती अशी, की ते कण एकेक करून चिकटवलेलेच नसतात. या साऱ्या पदार्थांच्या लांब, बारीक, तिकोनी काड्या तासून घेतात, नक्षी जुळेल अशा रीतीने त्या सरसाने एकत्र बांधून त्यांची घट्ट जुडी करतात आणि मग त्या जुडीचे आडवे पातळ काप काढतात. प्रत्येक कापावर तीच चांदणी उमटते. आपण अळूवडीचा उंडा कापतो तेव्हा प्रत्येक वडीत तीच गुंडाळी दिसते, हे उदाहरण दिले की आठवीतले मूल क्षणात समजते. हे काप लाकडाच्या पेटीवर चिकटवून घासून गुळगुळीत करतात. ही कला इराणातील शिराझहून सिंधमार्गे सुरत आणि मुंबईला आली, आणि इथून ती इंग्रजांच्या घरी इतकी गेली, की 'बॉम्बे बॉक्स' हेच तिचे नाव पडले.

दुसरी गोष्ट म्हणजे जे. जे. कलाशाळेच्या परिसरात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली घडलेली चकचकीत झिलईची मातीची भांडी. त्यांतल्या काहींवर अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेल्या आकृती आहेत. जे. जे. मधील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आणि तिथले विद्यार्थी १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रांच्या प्रतिकृती करत होते आणि त्याच रेखांकनांचा ओघ या भांड्यांपर्यंत पोहोचला. म्हणजे आपली विद्यार्थिनी जी चित्रे शोधत होती, ती तिथे होती, फक्त भांड्याच्या पोटावर होती. आणखी एक धागा मला फार जवळचा वाटतो. ज्यांचे नाव आज या वास्तूला आहे, ते गोव्यातील मांद्रे गावचे भाऊ दाजी पेशाने डॉक्टर होते, पण अजिंठ्याचे शिलालेख वाचून ते प्रसिद्ध करणाऱ्या पहिल्या भारतीय अभ्यासकांत त्यांची गणना होते.

वगळायचेच असेल, तर वेगवेगळ्या जातीजमातींच्या मातीच्या प्रतिकृती वगळाव्यात असे मी सुचवेन. मुले त्यांच्याकडे बाहुल्या म्हणूनच पाहतात आणि त्यांच्यापुढेच सर्वाधिक वेळ जातो.

तांबट आळी

अवनीताईंनी दोन वस्तू सांगितल्या, मी तिसरीची भर घालतो, ती म्हणजे धातूची. माझे आजोबा आणि त्यांचे वडील पुण्यात कसबा पेठेत तांब्याची भांडी घडवत असत. मी स्वतः नोकरी केली, पण हातोड्याचा आवाज ऐकत मोठा झालो, त्यामुळे या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कपाटात बिदरी काम दिसेल, काळ्याभोर धातूवर चांदीची वेल. बहुतेक पाहणाऱ्यांना वाटते, की लोखंडावर चांदीचा मुलामा दिला आहे. ते लोखंड नसते आणि तो मुलामाही नसतो. जस्तात थोडेसे तांबे मिसळून, साधारण सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे, वाळूच्या साच्यात ते भांडे ओततात. ओतल्यावर ते काळे नसते, तर शिशासारखे राखी असते. त्यावर मोरचुदाचे पाणी लावून ते तात्पुरते काळे करतात, ते एवढ्यासाठीच की कोरणीची रेघ उठून दिसावी. मग हातानेच वेलबुट्टी कोरतात, त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्र्याचे तुकडे ठोकून बसवतात आणि सगळे कानशीने घासून सपाट करतात. या टप्प्यावर भांडे बघाल तर निराशा होईल, कारण घासल्यामुळे तो तात्पुरता काळा रंग निघून गेलेला असतो आणि राखी धातूवर चांदी जवळजवळ दिसतच नाही. शेवटी बिदरच्या किल्ल्यातील जुनी माती आणि नवसागर यांचा लेप गरम भांड्यावर फासतात. धातू कायमचा काळा होतो, चांदीला मात्र तो लेप काहीही करत नाही. मग तेलाचा हात फिरला, की वेल उजळते. सगळे काम झाल्यावर अगदी शेवटच्या घटकेला नक्षी प्रकट होते, आणि तोवर कारागीर ती केवळ हाताच्या अंदाजाने जपत असतो. हे मुलांना कपाटासमोर उभे करूनच सांगावे, आधी वर्गात सांगितले तर त्याचा परिणाम होत नाही.

आता कुंचला सरांच्या मूळ प्रश्नाबद्दल. नक्षी ही वस्तूवर वरून चढवलेली शोभा असते, अशी आपली समजूत असते. आमच्या तांबट लोकांच्या मठारकामाकडे पाहिले, की ती समजूत टिकत नाही. तांब्याचा पत्रा ठोकून हंडा किंवा बंब घडवला, की तो मऊ राहतो, धक्का लागला तर पोचा पडतो. म्हणून घडवलेले भांडे खरव्यावर, म्हणजे लोखंडी टेकूवर, अडकवून, हातोडीचा एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला लागून पडेल अशा बेताने सबंध अंगावर मठारतात. त्या ठोक्यांनी तांबे ताठ होते. अंगावर जे खवल्यांसारखे, उन्हात चमचमणारे ठसे दिसतात ते भांडे मजबूत केल्याची खूण असते, आणि लोक त्यालाच नक्षी म्हणतात. माझ्या आजोबांना कोणी 'काय सुंदर काम आहे' असे म्हटले, की ते भांडे उचलून त्यावर बोटाने टिचकी मारत आणि त्याचा नाद ऐकवत. ठोके सारखे पडले असतील, तर नाद स्वच्छ येतो. सौंदर्याचा त्यांचा पुरावा कानाने घ्यायचा होता. आपल्याला हवा असलेला फरक, किंवा फरक नसणे, मला तिथे सापडते.

शनिवारकर

सातारा-मुंबई प्रवासात पुणे वाटेवरच आहे, त्यामुळे माझी आग्रहाची विनंती आहे, की परतीच्या वाटेवर दोन तास बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालयासाठी काढावेत. अवनीताईंनी 'नमुना' आणि 'वापर' ही जी दोन टोके सांगितली, त्यांतील दुसरे टोक तिथे आहे.

दिनकर उर्फ काकासाहेब केळकर (१८९६-१९९०) यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता, 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत, आणि सुमारे १९२० पासून त्यांनी गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, मोडीच्या ढिगांतून वस्तू जमवल्या. संग्रहालयाच्या नावातील 'राजा' ही पदवी नाही, तर लहानपणीच वारलेल्या त्यांच्या मुलाचे ते नाव आहे. हे मुलांना जरूर सांगावे, कारण ते कळल्यावर त्या दालनांतून फिरताना आवाज आपोआप खाली येतो. वीस हजारांच्या घरात गेलेला हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

तिथे फक्त अडकित्ते पाहावेत. बाकी काही पाहिले नाही तरी चालेल, इतके माझे मत ठाम आहे. सुपारी कातरायचे हत्यार ते काय, एक पाते, एक बैठक आणि दोन दांड्या. पण कुठे त्या दांड्यांची स्त्री-पुरुषाची जोडी झाली आहे, कुठे घोडा झाला आहे, कुठे पोपट आणि मोर. सर, मुलांना एवढेच विचारावे, की दांडी दाबली की चित्रातले काय हलते? घडवणाऱ्याने आधी हाताची हालचाल पाहिली आणि मग त्या हालचालीत बसेल असा आकार निवडला, हे त्यांच्या लक्षात येईल. पाते लोखंडाचे आणि अंग पितळेचे का, याचेही उत्तर मुलांनाच शोधू द्यावे. लोखंडाला धार टिकते आणि पितळेत ओतीव आकार सुबक निघतो, हे त्यांना थोड्या विचाराने सुचते.

त्याच जातीची दुसरी वस्तू म्हणजे वज्री, टाच घासायची. खालच्या बाजूला खरखरीत खाचा आणि वर पक्षी किंवा अशीच एखादी आकृती. ती आकृती शोभेची आहेच, पण ओल्या, निसरड्या हाताला धरायला मूठही तीच आहे. न्हाणीघरात, जिथे दुसरे कोणी पाहणार नाही, तिथल्या वस्तूलाही कोणीतरी इतक्या निगुतीने घडवले, या विचाराशी मी दरवेळी थबकतो.

मृण्मयी

अवनीताईंच्या बाकी सगळ्या सूचनांशी मी सहमत आहे, परंतु मातीच्या प्रतिकृती वगळण्याच्या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे.

या प्रतिकृती विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत संग्रहालयाच्या क्युरेटरांच्या देखरेखीखाली घडल्या. मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांचे पोशाख, पगड्या आणि फेटे, तसेच निरनिराळे व्यवसाय करणारी माणसे त्यांत दाखवली आहेत. राज्यकर्त्यांना प्रजेची वर्गवारी करायची होती आणि ही आकृत्यांची रांग त्या वर्गवारीचाच भाग आहे. नेमके म्हणूनच मुलांनी ती पाहिली पाहिजे. पाटीवर समाजाचे नाव असते, माणसाचे नसते. त्या पाटीवर आपल्याच समाजाचे नाव वाचणारे एखादे मूल आपल्या गटात असेल, आणि त्याला काय वाटेल हा प्रश्न शिक्षकाने टाळला, तर ते मूल तो एकट्यानेच सोसते. मी तेरा वर्षांची असताना माझ्याबरोबर हे घडले आहे. आमच्या बाईंनी आम्हांला तिथून घाईने पुढे नेले, आणि आपल्यात काहीतरी लपवण्यासारखे आहे, असा अर्थ मी त्या घाईचा लावला.

कलाशिक्षक म्हणून आपण आणखी एक गोष्ट करू शकता. मुलांना आकृत्यांच्या चेहऱ्यांऐवजी हातांकडे पाहायला सांगावे. बोटे हत्यारावर कशी वळली आहेत, धोतराचा सोगा कुठे खोचला आहे, पगडीचा पेच कोणत्या बाजूने फिरला आहे, या तपशिलांत मूर्तिकाराने जीव ओतला आहे. वर्गवारी राज्यकर्त्यांची होती, पण माती वळणारा हात इथलाच होता आणि त्याने माणसे पाहिली होती. मी आज मातीतच काम करते, त्याचे एक कारण ते हात आहेत.

अवनी

मृण्मयी, आपले म्हणणे मला मान्य आहे. गट मोठा असला, की त्या कपाटापुढे हसण्याखिदळण्याचा प्रकार होतो आणि त्याला तोंड देण्याऐवजी मी ते कपाट टाळायला शिकले. हातांकडे पाहायला सांगण्याची युक्ती मला सुचली नव्हती. सर, माझी सूचना मागे घेते. मात्र गट सहा-सहा मुलांचेच करावेत आणि या कपाटापाशी आपण स्वतः उभे राहावे, दुसऱ्या कोणावर सोपवू नये.

व्यवहाराच्या दोन गोष्टी राहिल्या. बुधवारी संग्रहालय बंद असते, तेव्हा तारीख ठरवताना ते पाहावे आणि मोठा गट असल्यामुळे आधी कळवावे. मुले तिथे वस्तूंची रेखाचित्रे काढणार असतील, तर खोडरबर त्यांच्याकडून बसमध्येच काढून घ्यावे. मूल रेघ खोडण्यात जो वेळ घालवते, त्या वेळात ते वस्तूकडे पुन्हा एकदा पाहू शकते.

कुंचला

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. या उत्तरांवरून सहलीचा आराखडा नव्याने केला आहे. भायखळ्याला चार जागी थांबायचे ते असे: सडेलीची पेटी, अजिंठ्याच्या आकृतीचे भांडे, बिदरी आणि मातीच्या माणसांचे हात. परतीच्या दिवशी पुण्यात केळकर संग्रहालय, आणि तिथे केवळ अडकित्ते व वज्री. प्रतिकृतींच्या कपाटापाशी मी स्वतः थांबणार आहे.

तांबट आळी यांचे लिहिणे मी गेल्या शनिवारी वर्गात वाचून दाखवले आणि सोमवारी प्रत्येकाने घरातील एका जुन्या वस्तूचे रेखाचित्र काढून आणावे, असे सांगितले. वस्तू सुंदर असण्याची अट घातली नव्हती. तेहतीस चित्रे आली. त्यांत विळ्या होत्या, पाटा-वरवंटा होता, एक कंदील होता. एका मुलाने शेवयांचा लाकडी सोऱ्या काढला होता आणि त्याच्या दोन मुठींपैकी उजवी मूठ डावीपेक्षा बारीक दाखवली होती. प्रमाण चुकले आहे असे समजून मी दुरुस्तीसाठी पेन्सिल उचलली, तेव्हा तो म्हणाला, की सर, ती तशीच आहे, आजी उजव्या हाताने जास्त जोर लावते, त्यामुळे त्या बाजूचे लाकूड झिजले आहे. मी पेन्सिल खाली ठेवली. तो सोऱ्या उद्या तो शाळेत घेऊन येणार आहे.